बोंडलं

विनयाची रजा काल संपली.
सातच्या एसटीत चढताना म्हणाली,
वाटीभर काढून ठेवलंय, फ्रीजच्या दारात,
कोमट पाण्यात धर, गॅसवर नको,
आणि हात धू.
गाडी सुटल्यावर खिडकीतून परत: हात धू!

हात धुतले.
आधी रॉकेलनं, मग कपड्यांच्या पावडरीनं,
मग काथ्यानं, नखं लाल होईस्तोवर,
शेवटी बाळाच्याच त्या गुलाबी साबणानं
ज्याची वडी माझ्या तळव्यात हरवते.
वीस वर्षं हर्णैच्या बोटींची इंजिनं खोलतोय.
डिझेल कातडीच्या आत राहायला आलंय,
भाडं देत नाही, खोलीही सोडत नाही.

साडेनऊला ती उठली.
साडेचार महिन्यांची, पाच किलो नऊशे
(मासळीच्या नव्हे, विनयाच्या काट्यावर).
बोंडल्याची चोच ओठांना लावली.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
अन्वर चौगुले माझ्या बिलाकडे पाहतो तसं,
आणि तोंड मिटलं.
चमचा. नाही.
कापसाचा बोळा. नाही.
विनयाचा गाऊन खांद्यावर टाकला,
त्यात नाक खुपसून तिनं क्षणभर शोधलं,
मग माझी दाढी लागली.
मग जी काही रडली,
की जेटीवर जाळी शिवणारे चौघं
सुया हातात धरून शेडच्या दारात.
साखरपाणी दे.
दृष्ट काढ आधी.
मोटरसायकलवरून फिरव रे पाजपंढरीपर्यंत.
चौथा काहीच बोलला नाही, त्याला पाच आहेत.

विनयाला फोन लावला.
आज तिच्या उपकेंद्रात डोस होते,
मागे दहा-बारा पोरं एकदम सूर लावून.
कोण रडतंय, ती म्हणाली.
आपलं की तुमचं, मी म्हणालो.
थोडा वेळ दोन्हीकडून नुसतं रडणंच ऐकू येत राहिलं.
ठेव आता, ती म्हणाली,
कुणाचंही रडलं तरी मला पान्हा फुटतोय,
दोनदा ॲप्रन बदलला.

वाटीकडे पाहत बसलो.
दूध पातळ होतं, जरासं निळसर.
मला वाटलं होतं दाट असेल.

चौगुलेची बोट संध्याकाळच्या भरतीला निघणार,
इंजिन खोलीच्या मधोमध, नवं गॅस्केट बसवलेलं,
ट्रायल बाकी. म्हटलं, रडायचंच आहे तर
कामाच्या आवाजात रड.
तिचा एक कान छातीशी दाबला,
दुसऱ्यावर गाऊनचा बोळा धरला,
पोराला सांगितलं, मार हँडल,
आणि दाराबाहेर माडाखाली जाऊन उभा राहिलो.

धड. धड. मग लय धरली.
तिचं रडणं मध्येच थांबलं,
जसं काही कुणीतरी ओळखीचं हाक मारतंय.
नऊ महिने ती याच शेडच्या मागच्या खोलीत होती,
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
पोटातून तिनं किती इंजिनं ऐकली असतील.
ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब सोडला. गिळला.
आणखी एक.
चोच आत गेली, तिला कळलंही नाही,
किंवा कळलं आणि तिनं चालवून घेतलं.
चाळीस मिनिटं इंजिन रिकामं चालवलं.
चौगुले येऊन बघून गेला, घड्याळ दाखवून गेला.
जळलेलं डिझेल त्याच्या बिलात लावलं नाही.

पावणेपाचला विनया आली,
चपला न काढता उंबऱ्यातच बसली,
घे, घे, म्हणत हुक काढू लागली,
हात थरथरत होते.
बाळाचं टाळू हुंगलं.
डिझेल, म्हणाली.
मी हात पुढे केले, धुतलेले, पांढरेफटक.
ती त्यांच्याकडे बघतच राहिली.
पदराखालून चुरूचुरू आवाज यायला लागला.
दोरीवर दुपटी वाळली होती,
शेजारच्या मांडवावरच्या बोंबलांचा वास घेऊन,
ती काढायला मी उठलो.

वाटीत किती उरलं?
अर्धी.
बरंय, म्हणाली, डोळे मिटून.
मग बऱ्याच वेळानं,
उद्या कुणाचं इंजिन आहे?