विषय क्रमांक सात

स्केलब्रिजच्या टाउन हॉलमध्ये, सभापतींच्या डाव्या हाताला
एक अरुंद टेबल आहे. त्यावर
चहाच्या कपाची तेवीस वर्षांची वर्तुळं.
आता तिथे राउटर ठेवलाय.
हिरवा दिवा लुकलुकतो, काही विचारत नाही.

डोरीन एन्टविसल विचारायची.
"नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा," इतकंच,
आणि सभापतींच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.
पेपर बंद पडला त्या शुक्रवारी तिने मला
पेपरमिंटचा अर्धा डबा दिला
आणि स्वतःचा स्टेपलर आठवणीने परत नेला.

मी इतिवृत्त लिहिते.
वडील मिरजेच्या नगरपालिकेत हेच लिहायचे:
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.
शेवटच्या दोन शब्दांवर त्यांचं पेन घसरत जायचं.
माझी बोटंही तशीच घसरतात.

कालव्यावरचा पादचारी पूल पाडायचं ठरलं
त्या सभेला ऑनलाइन प्रेक्षक तीन.
त्यातली एक मी, आवाज जातोय का ते बघायला.

कच्चं इतिवृत्त वेबसाइटवर टाकलं,
आणि चौथ्या दिवशी पोस्टाने पाकीट आलं.
आत अर्धा कागद, उगाचच स्टेपल केलेला:
"विषय सात. सर्वानुमते नव्हे.
खिडकीजवळच्या बाईंचा हात खाली होता.
कोपर दिसतं, बघ."

रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.
एक तास, अकरा मिनिटं. कोपर.
खाली.

दुरुस्ती केली: बहुमताने मंजूर.
पूल अर्थातच वाचला नाही.
अ‍ॅपने सगळ्यांना कळवलं. कचऱ्याचा वार बदलला की
फोन जसा थरथरतो, तसाच थरथरला.

मिस्टर हॅलवर्थ, वय एक्याऐंशी, कुत्र्यासकट
पिवळ्या पट्टीपुढे उभे राहिले.
खांबावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता;
चष्मा पुसून त्यांनी तो वाचून पाहिला.
मग माझ्या खिडकीशी आले.
"कुणी सांगितलंच नाही."
"सांगितलं होतं," मी म्हणाले.
दोघंही खरं बोलत होतो.
कुत्रा तेवढा दाराकडे बघत होता.

तीनातली एक मी, एक डोरीन.
तिसरं कोण होतं, मला माहीत नाही.
पण हल्ली मतदानाला हात वर गेले
की मी ते मनात मोजत नाही.
मोठ्याने मोजते, एकेक,
राउटरकडे तोंड करून.