हळदी म्हणजे पिवळी

ईरण्णानं लिहून दिलंय सगळं,
खडेबाजारात, उभ्या-उभ्या, पावतीच्या पाठीवर.
सहा रंग, सहा बाण, सगळं कानडीत.
मी म्हटलं, हौदु, हौदु.
वीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली,
कानडीत भांडलोय, उधारी मागितलीय,
एकदा गेट मीटिंगला भाषण ठोकलंय.
पण बसची पाटी वाचायची वेळ आली
की शेजारच्याला विचारतो,
ही कुठली हो?

अनगोळात, घरासमोर, रात्री साडेआठला
मी डॅशबोर्डखाली उताणा,
दाराचा उंबरा पाठीत रुतलेला,
पाय गल्लीत.
अक्षता बॅटरी धरून. ती कानडी मीडियमला,
माझ्या हट्टानं का तिच्या आईच्या, आता आठवत नाही.

"केंपु," ती वाचते, "म्हणजे लाल. थेट बॅटरीला, फ्यूज घालून."
हौदु.
"कप्पु. काळी, अर्थिंगला. हसिरु, हिरवी, दाराला."
हौदु, हौदु, पुढं.
"हळदी..."
ते नको सांगू, म्हटलं, हळदी म्हणजे हळद.
ती हसली तसा उजेड हलला
आणि मी भलतीच वायर सोलली.

काळीला नुसता पत्रा लागतो, रंग चालत नाही.
कानशीनं खरवडला बोल्टाखालचा निळा,
मागच्या मालकाचा, संकेश्वरच्या तंबाखूवाल्याचा.
त्याखाली पांढरा, त्याच्या आधीच्या कुणाचा.
त्याखाली तांबूस प्रायमर.
मग एकदम लखलखीत पोलाद,
एस. टी. स्टँडवर अचानक
आपल्या गावचं माणूस दिसावं तसं.

शोभा उंबऱ्यातून, हातात लाटणं:
"काय करूलालाय एवढा वेळ?
त्या डब्यात हाय काय चोरायला?"
मी मनात मोजलं.
एक छत्री. टक्कल पडलेली स्टेपनी.
यल्लम्माच्या भंडाऱ्याची पुडी.
अक्षताचा एकच बूट, दुसरा कुठाय कुणाला ठाऊक.
उत्तर दिलं नाही.

दार लावलं. रिमोट दाबला.
गाडी किंचाळली.
दार उघडलं, गप्प.
लावलं, पुन्हा बोंब.
भरमाण्णा बनियनवरच बाहेर आला:
"चोर कुठाय?"
आत, म्हटलं. मीच.
तो बोनेटला टेकला, शांतपणे ऐकून घेतलं त्यानं
जसं काय भजनच चाललंय,
मग म्हणाला, "उलटी शाणी हाय तुझी गाडी.
घर बंद केलं की वरडती,
उघडं टाकलं की निजती."

अक्षतानं कागद फिरवला.
कोपऱ्यात बारीक आणखी एक ओळ.
"पप्पा, मारुती असली तर दाराला हसिरु नको म्हणतोय. नीली."
आधी का नाही वाचलंस?
"तुम्ही थांबू कुठं दिलंत?
हौदु हौदु करूलाल्ता."

टेस्टलॅम्प खिशात होता, लावून बघायचं सुचलं नव्हतं.
घाई. पहिलीच गाडी, पहिलाच सायरन,
आणि गल्लीतली अर्धी माणसं खुर्च्या घेऊन.
टेप उलगडली, बोटांना चिकटली,
हिरवी सोडवली, निळी पिळून जोडली.
दार लावलं. चिक्, चिक्. दोनदा मिचकावले दिवे.
भरमाण्णा खुर्ची उचलून गेला, जरासा निराश.

पावणेतीनला कास्टिंगचा टेम्पो गेला खडखडत,
आणि गाडी उठली.
मी लुंगी सावरत धावलो.
कोणी नाही. काचेवर दंव.
बंद केली, आत बसलो,
सेन्सरचा स्क्रू थोडा मागं फिरवला.
दार उघडंच ठेवलं, छतावरच्या दिव्यासाठी.

कागद मांडीवर घेतला.
तीन अक्षरांचा शब्द शोधला, बाणाला पिवळ्याचा डाग लागलेला.
पहिलं ह असणार. मधलं ळ.
बोट ठेवून पुन्हा वाचलं, ओठ हलवत,
बालवाडीतल्यासारखं.
ह. ळ. दि.
मग वर गेलो, केंपुकडं.