तिसरं रीडिंग

राशिवड्याहून सुटणारी पहिली गाडी
पावणेसहाची म्हणायची, सहाला हलायची.
मांडीवर जर्नल, जर्नलला खाकी कव्हर,
कव्हरवर डब्यातून गळलेल्या तेलाचा नकाशा,
वर्षभर वाढत गेलेला.
रंकाळा स्टँडवर तहसीन सायकल धरून उभी.
माझं दप्तर कॅरिअरला लावायचं
आणि दोघींनी चालत निघायचं,
ती व्याख्या म्हणणार, मी चुका काढणार.
तिच्या अब्बूंचं दुकान घड्याळदुरुस्तीचं,
तिच्या मनगटावर मात्र घड्याळ नाही.

लॅबमध्ये ब्युरेटमधला रंग पाहिला
आणि मला तो ओळखू आला.
पूर ओसरल्यावर ग्रामपंचायतीच्या माणसानं
आमच्या विहिरीत हीच जांभळी पूड सोडली होती.
चार दिवस शिवू नका, आई म्हणालेली.
हुपरीकर मॅडम म्हणाल्या, पोटॅशियम परमँगनेट.
मी वहीत तेवढंच लिहिलं.
विहीर लिहिली नाही.

फ्लास्क आधी तापवायचा,
बोट लावलं की झटकन मागं यावं इतका.
मग थेंब, थेंब. हलवत राहायचं.
गुलाबी येतं, जातं.
येतं, जातं.
एका थेंबाला मात्र जात नाही.
तिथं हात थांबला पाहिजे.

पहिलं रीडिंग आमचं खरं असायचं.
दुसरं जरा ओढूनताणून.
तिसरं आम्ही कधी घेतलंच नाही,
दुसऱ्याखाली तोच आकडा लिहायचा, दहा पॉइंट चार,
आणि वाचलेल्या वेळात खासबागेला जायचं.
एक भेळ, दोन चमचे,
तिखट सगळं तिच्या बाजूला.
बोटांवरचे तपकिरी डाग
लिंबानं जातात म्हणे.
आमचं लिंबू भेळेतच संपायचं.

प्रॅक्टिकल परीक्षेला हळदीजवळ ट्रॉली कलंडली.
रस्ताभर ऊस. पुढं गाड्या, मागं गाड्या,
कंडक्टरनं घंटीची दोरी सोडून तंबाखू काढली.
मी उतरले, उसावरून चालत गेले,
पुढं एका दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मध्ये
जर्नल छातीशी धरून, उभी.
पंचवीस मिनिटं उशीर.

बाहेरचे परीक्षक पुण्याचे.
'इतका उशीर?'
'ट्रॉली पलटी झाली सर. मी उतरून चालत आलो.'
चष्मा कपाळावर गेला.
'आलो काय? आले म्हण. मुलगी आहेस ना तू?'
कुणीतरी मागं फिसकन हसलं.
मला घसा कोरडा पडल्याचं आठवतं,
आणि पलीकडच्या टेबलावरून, मान वर न करता, तहसीन,
'आम्ही असंच बोलतो सर.'

तेवढ्यात तिच्या ब्युरेटमधून
एक थेंब जास्त पडला.
फ्लास्क वांग्याच्या सालीसारखा.

माझ्या जागेवर गेले तर
तिवईवर पाणी आधीच तापलेलं,
बर्नरची ज्योत बारीक करून ठेवलेली.
त्या दिवशी मी तिन्ही रीडिंगं खरी घेतली.
नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट नऊ, नऊ पॉइंट आठ.
इतकी खरी की खोटी वाटावीत.
तहसीनचं तिसरं राहिलं.
आकडा तिला पाठ होता,
लिहायला एक सेकंद लागला असता.
तिनं तिथं एक आडवी रेघ मारली
आणि पेपर दिला.

का, ते मी विचारलं नाही.
जिन्यात ती एवढंच म्हणाली,
'तुझ्या ओढणीला दुधाचा वास येतोय.'

आता मी पुण्यात असते.
इथं 'आले' म्हणते, 'गेले' म्हणते,
जीभ अडत नाही.
ती तिकडं अब्बूंच्या शेजारच्या गाळ्यात औषधं देते,
रात्री शटर ओढताना फोन करते.
मागं तिच्याकडं ओळीनं दुरुस्त झालेली घड्याळं,
एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही.
'पोचलीस काय गं खोलीवर?'

चपला काढता काढता मी म्हणते,
'आत्ताच आलो.'