खकाणा

तवंदीच्या घाटात गाडी धापा टाकू लागली
तशी आई हसली, म्हणाली,
"हिलाबी माझंच दुखणं."
तोंडावर पदर,
चाळीस वर्षं वखारीत असायचा तसाच.
आता धूळ नसली तरी हात आपोआप जातो.

बेळगावातला दवाखाना दुसऱ्या मजल्यावर.
सात पायऱ्या, थांबणं.
पाच पायऱ्या, थांबणं.
तीन.
जिन्याच्या वळणावर ती भिंतीवरचं कॅलेंडर
वाचत उभी राहिली बराच वेळ.
कॅलेंडर कानडीत होतं,
आणि आईला मराठीही वाचता येत नाही.

मशीनवरची मुलगी शिवलीला, गोकाककडची.
नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी.
"ऊद्री अव्वा, ऊद्री! इन्ना, इन्ना, इन्ना..."
आईची कानडी गुरुवारच्या बाजारापुरती,
पण हे तिला सांगावं लागलं नाही.
ओल्या लाकडांपुढं डोळे मिटून
जन्मभर फुंकणीच तर फुंकली तिनं.
तीनदा फुंकलं.
पडद्यावर रेघ झपकन वर चढली
आणि मध्येच खचली, जुन्या बाजेसारखी.
शेपूट तेवढी लांबत राहिली,
संपता संपेना.

डॉक्टर म्हणाले, हवा आत जाते, मावशी.
बाहेर निघत नाही.
नळ्या आतून सुजल्यात, चिकटल्यात,
श्वास सोडायला लागलं की मिटतात.

मला वाटायचं, दम लागतो म्हणजे हवा कमी पडते.
तिची छाती तर गच्च भरलेली,
कालची, परवाची, शिळी हवा धरून बसलेली,
नव्या घोटाला जागाच नाही.
आई ऐकत होती. मग म्हणाली,
"म्हंजे वखारच की.
म्होरनं माल उतरतोय,
आन् मागलं दार उघडंना."

थोड्या वेळानं, टेबलाकडं बघत:
"पर म्या कंदी बिडी वडली न्हाई, सायेब."

नाहीच ओढली.
चाळणी हलवली.
एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला सोनाक्का,
मध्ये पिवळा ढग.
खकाणा म्हणतात त्याला आमच्या निपाणीत;
नुसता शब्द उच्चारला तरी घसा खवखवतो.
त्या ढगाखाली मी झोपायचे पोत्यावर,
तोंडावर ओलं फडकं.
शिंकले की बायका हसायच्या,
"पोरगी शिकतीया."
सोनाक्का गेली तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं.
बावन्न झालं होतं.

आता चंचीत पानसुपारीच्या जागी पंप आहे.
गल्लीत कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद.
"पंप लागला म्हंजे सपलं, म्हणत्यात."
कुणी आलं की चंची मांडीखाली.
दार लावून मी मोजते:
दाब, ओढ, धर. चूळ भर.

शिवलीलानं अजून एक शिकवलंय:
बशीतला चहा निववताना फुंकतो
तसा ओठांचा चंबू करायचा,
घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा.
आई उंबऱ्यावर बसून करते.
आकडे मोजत नाही, पोती मोजते.
एक पोतं, दोन पोती आत.
चार पोती बाहेर.
कधी तिसऱ्यालाच खोकला येतो
आणि हिशोब चुकतो,
मग मुकादमाला घालायची तीच शिवी घालून
पहिल्यापासून.

रात्री तीनला ती उठून बसते,
हात गुडघ्यांवर रोवून, पुढं वाकून.
चाळणीपुढं अशीच बसायची.
अंधारात बारीक शिट्टी वाजत राहते,
दूर कुठं तरी कुकर लावल्यासारखी.
मी पाठीवरून हात फिरवते
आणि माझाच श्वास रोखला गेलाय
हे उशिरा लक्षात येतं.

त्या दिवशी निघताना शिवलीलानं
नवी नळी काढून माझ्यापुढं धरली होती.
"अक्का, तुम्हीबी एकदा फुंका की.
खोकताय मघापासनं."
पुढच्या वेळी, म्हणाले मी.
गाडीची वेळ झाली होती.