तिने घेतलेला वेळ

बिदगोश्च, फेब्रुवारीतला गुरुवार.
रेल्वे कामगारांच्या सभागृहात, वरच्या मजल्यावर, नऊ टेबलं.
काचेच्या पेल्यांत लिंबाचा चहा.
खिडकीखाली ब्रदा नदी अर्धी गोठलेली,
अर्धी अजून ठरवते आहे.

मी एक बदाम बोललो.
डावीकडचा पोरगा, दोघा भावांतला धाकटा,
सरळ चार इस्पिक मांडून मोकळा झाला,
दार लावून वर खुर्ची टेकवावी तसा.

मग बोगुमिला.
अशा उडीनंतर दहा सेकंद थांबायचंच असतं, नियम आहे.
ती चाळीस थांबली.
पानं जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ.
भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू यायला लागलं.
मग तिचा हिरवा पास.

एकोणीस वर्षं ती माझी भिडू आहे.
तिचा झटकन टाकलेला पास म्हणजे हातात राख.
चष्मा सावरून टाकलेला म्हणजे तू बघ बाबा.
आणि असा रेंगाळलेला,
म्हणजे काहीतरी आहे तिच्याकडे,
पण चार इस्पिकांच्या वर मांडावं एवढं नाही.

थोरला भाऊ पास.

माझ्याकडे सहा बदाम, वर एक्का, राजा, गुलाम.
चौकटचा राजा, राणी. इस्पिकची एकटी चव्वी.
डबल? पाच बदाम?
पाचावर धारण बसते म्हणतात ते उगीच नाही,
पाचवी पायरी बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच घरात निघते.
पण आज पाय आपसूक वर चालला होता
आणि त्याला ओढत होतं
तिचं ते थांबणं.

पेटीत बोलण्यासाठी अडतीस तऱ्हेची कार्डं असतात.
विचारात पडल्याचं एकही नाही.
जे कार्डावर नाही ते कानावर आलं,
तर कान नसल्यासारखं बसावं लागतं.
मी पास केला.
त्यात थोडा गर्वही होता, खोटं कशाला सांगू.

ती उतरली बदामाची दश्शी.
दोन हात आम्ही केले, चौकटचा तिसरा.
मग पोराने हुकमाचा एक्का ओढला
आणि बोगुमिलाने शांतपणे
किलवरची पंजी टाकली.
राजावर मात्र इस्पिकची पंजी दिली.
तिसऱ्या फेरीत तिची राणी
वाचलेली, एकटी, हात करून गेली.
चार हात आमचे. बोली बुडाली.

“अगोदर किलवर दिलं होतंत,” पोरगा म्हणाला,
आरोप नाही, नुसतं मोजल्यासारखं.
पंच लुदोमिर आला, त्याने पानं उलटून पाहिली,
आमचा एक हात काढून त्यांना दिला.
बोली पुरी.
न्यायच तो. एक्क्यावर पंजी पडली असती
तर राजाखाली राणी तशीही गेलीच होती.

मग तिची पानं पाहिली मी.
बदाम दोनच. वर एक राणी, एक गुलाम, बाकी चिल्लर.
म्हणजे त्या चाळीस सेकंदांत
ती काही तोलत नव्हती.
इस्पिक कुठलं, किलवर कुठलं, एवढंच शोधत होती
काळ्यात काळं.

चौतीस वर्षं गदान्स्का रस्त्यावर मी चष्म्याचं दुकान चालवलं.
अर्ध्या शहराला शेवटची ओळ वाचायला लावली.
आणि समोरच्या खुर्चीवरची ही,
हातभर अंतरावर,
तिचा प्रत्येक पास मी वाचत बसलो
आणि डोळे सोडून दिले.

झाकली मूठ ती तशीच झाकून होती.
मला म्हणाली, “चुकलं. दुसरीकडेच लक्ष होतं.”
हीसुद्धा बोलीच,
आणि तिचा अर्थ विचारायचा हक्क
फक्त विरुद्ध पक्षाला.

पुढचा डाव वाटलेलाच होता.
तिने पानं उचलली, जवळ घेतली, लांब धरली.
मी टेबलावरचा दिवा
चार बोटं तिच्याकडे सरकवला.

दिवा सरकवणं बोलीत धरतात का,
मला माहीत नाही.
मी लुदोमिरकडे पाहिलं.
तो आमच्याकडे पाठ करून
सावकाश
चहा ओतत होता.