उशीर

पावसात कालावल खाडीला गोडं पाणी भरतं,
मुळे चिखलात खोल उतरतात,
पाणी खारं झालं की वर येतात.
यात नवं काही नाही.
नवं आहे ते तारखांत.

सत्यवती तारी चुलीमागच्या भिंतीवर
कोळशाने लिहून ठेवते, वर्षाची पहिली भरली पाटी कधी आली:
घटस्थापना.
दसरा.
मग एकदा नरकचतुर्दशी, तेव्हा पाऊसच लांबला होता.
मग त्रिपुरी पौर्णिमा.
गेल्या साली दत्तजयंती,
आणि पाऊस तर वेळेवर गेलेला.
ताप उतरतो, ती म्हणते, पण भूक लागत नाही खाडीला.

जेटीच्या पहिल्या खांबाला ती काळी शिंपली दिसली तेव्हा
पोरांनी नखाने खरवडून एकमेकांना मारली.
शिनाणे नव्हेत, कालवं नव्हेत,
कुठल्या बोटीच्या बुडाला धरून आली कोण जाणे,
आमच्याकडे त्यांना नावच नाही.
दुसऱ्या खांबाला पोचायला तीन वर्षं लागली.
तिसऱ्याला एक.
चौथा नि पाचवा एकाच हंगामात.
ही लाट फुटत नाही, हिला फेस नाही.
ओहोटीला फक्त हजार तोंडं मिटतात,
फोडणीतली मोहरी थांबत यावी तसा आवाज.

आणि पाटीचं हे असं:
सोमवारी काठोकाठ, मंगळवारी अकरा मुळे,
बुधवारी परत काठोकाठ.
व्यापारी म्हणतो, बघ, आहेत की!
सत्यवती पैसे मोजून घेते, बोलत नाही.
तिचा बाप तर चालवायचा. तो सांगायचा,
धक्का बसल्यावर झटकन सरळ होते ती होडी आपली.
जी कलंडते आणि तिथेच जरा विचार करत राहते
तिच्यातून उतरायचं,
पाणी आत आलेलं नसलं तरी.

खाडीतून कुठे उतरणार?

काल ती सहाव्या खांबाशी कमरेभर पाण्यात उभी होती.
हात फिरवला, खालून वर.
गुळगुळीत.
पुन्हा फिरवला.
"माका वळखणा नाय ह्या पाणी," म्हणाली,
माझ्याशी नाही, खांबाशी.

पौष सरत आलाय.
भिंतीवर औंदाच्या ओळीची जागा कोरी,
कोळसा कोनाड्यात.
सून शेणाचा गोळा घेऊन आली,
घरभर सारवत चुलीमागे पोचली
आणि सासूकडे बघत थांबली.
"ती भित ऱ्हवांदे," सत्यवती म्हणाली.
"अजून."