पान एकशे सत्त्याऐंशी

फहाहीलच्या हॉस्टेलात, चौथ्या मजल्यावर,
जुलैमध्ये बर्फ पडतो
फक्त माझ्या खाटेवर.

बाहेर तीन दिवस धुळीचं वादळ,
आकाश जुन्या बँडेजच्या रंगाचं.
एसी खोकतो, गळतो, खाली आइस्क्रीमचा डबा लावलाय,
आणि मी, नगरच्या मिशन कंपाउंडमधली,
जिने बर्फ पाहिला तो गोळ्यात आणि शवागारात,
वाचते आहे एका गावाबद्दल
जिथे बेकरी बंद पडायला आलीय
आणि नाताळला उरलेत अकरा दिवस.

पुस्तक जेमलिनचं. त्याआधी कुणा रोवेनाचं.
तिच्याही आधी एका बाईचं, जी पुढे टोरांटोला गेली
आणि खरा बर्फ लागल्यावर
म्हणे पंधरा दिवसांत कंटाळली.
कव्हरवर लाल मफलर. मफलरवर चहाच्या कपाचा गोल.

ह्या पुस्तकात कुणी मरत नाही.
आजोबा घसरतात, पण पायच मुरगळतो.
मी तर पान उलटण्याआधी मनातल्या मनात
त्यांचा बीपी घेऊन ठेवला होता.
खलनायक म्हणावा तर एक बिल्डर,
त्यालाही शेवटी दालचिनीचा पाव देतात
आणि तो रडतो.
नायक-नायिका हात धरतात पान एकशे चाळीसला.
हातमोजे घालून.

लिसीअम्मा हसते, आयसीयूची बाई तू, आणि हे वाचतेस?
मग रात्री तीनला जाग येते तर
उशीखाली पुस्तक नाही,
आणि बाथरूमच्या दाराखाली उजेडाची फट.

तिला काय सांगायचं. तीही होतीच ड्यूटीवर.
बेड नंबर सहा, बावीस वर्षांचा, मचाणावरून पडलेला.
त्याच्या गोष्टीचा शेवट मला माहीत नव्हता.
नाही, खोटं.
माहीत होता, आणि तरी फोन मीच धरला त्याच्या कानाशी,
पलीकडून आई बोलत होती, मला न येणाऱ्या भाषेत, सविस्तर.
अशा रात्रीनंतर मला तो शेवट हवा असतो
जो लांबूनच दिसतो,
नाताळात एसटीतून उतरताना
आमच्या गल्लीच्या तोंडाचा चांदणी-कंदील दिसायचा तसा.

आणि नेमकं पान एकशे सत्त्याऐंशी फाटलेलं.
आधीच्या पानावर तो शिडी चढतो, हातात झाडाचा तारा.
नंतरच्या पानावर दोघं सूप पितायत, तिच्या बोटात अंगठी.
मधे तो काय बोलला, कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून तिथे चिठ्ठ्या आहेत.
रोवेनाची तगालोगमध्ये, लांबलचक, दोन हृदयं काढलेली.
जेमलिनचं म्हणणं, तो फक्त सॉरी म्हणाला.
लिसीअम्मानेही लिहिलंय, मल्याळममध्ये, एकच ओळ.
अर्थ विचारला तर सांगते,
काही बोलला नाही, आधी बल्ब बसवला.

मी तापाच्या तक्त्यामागे लिहायला घेतलं.
एलियाने मला काय विचारलं होतं?
रविवारी, उपासना सुटल्यावर,
सायकलचं कुलूप काढत, माझ्याकडे न बघता:
तू कुवेतला गेलीस तर पत्र की फोन?
मी म्हटलं, फोन.
झालं. पुढच्या आठवड्यात पाळकांनी चर्चमध्ये नावं वाचली.
आठ वर्षं. रोज नऊ मिनिटं,
कारण दहाव्याला पैशांचा विषय निघतो.

तेच लिहिलं. शिडी तशीच ठेवली,
सायकल काढून टाकली,
मग परत घातली.

आता अस्मिता घेऊन जातेय, नवी, बुटवलची.
तिला नाताळ ना चर्च, तरी दारातच विचारते:
दीदी, बेकरी वाचते ना?
वाचते.
आणि ते कुत्रं?
तेही वाचतं, म्हटलं,
आणि माझ्याच भाषेचं मला हसू आलं.
बेकरी वाचते, कुत्रं वाचतं, लिसीअम्मा वाचते चोरून.

एसीखालचा डबा काठोकाठ भरला होता.
ओतून आले.